बारमाही उटणं

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला आपल्या खऱ्या कार्याची हाक ऐकू येते. निदान मी ज्या व्यवसायात आहे, तिथल्या मंडळींना तरी ती येते. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला आलेली असते, आणि बहुतेकांना ती एखाद्या डोंगरावर आलेली असते. माझ्या बाबतीत असं झालं, की कंपनीने अंधेरीचं ऑफिस गुरगावला हलवलं आणि मला मुलुंड सोडायचं नव्हतं.

त्याआधीची बरीच वर्षं मी साबण विकत होते. म्हणजे दारोदार नव्हे; मी मार्केटिंगमध्ये होते. साबण तोच असायचा. दर दीड-दोन वर्षांनी आम्ही त्याच्या वेष्टनावर ‘नवीन’ असं छापायचो, आणि तो शब्द वेष्टनाच्या कोणत्या कोपऱ्यात बसवायचा यावर आठवडा-आठवडा बैठका चालायच्या. अशाच एका बैठकीत मी विचारलं, “पण यात नवीन काय आहे?” सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. चहा देणारासुद्धा थांबला. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “अक्षराचं वळण.”

हा प्रसंग मी पुढे अनेक भाषणांत सांगितला आहे. त्यानंतर मी तडक राजीनामा दिला असा लोकांचा समज होतो आणि मी तो दूर करत नाही. प्रत्यक्षात त्या बैठकीनंतर मी अक्षरांच्या वळणाचे तीन नमुने मागवले आणि तिथे आणखी दोन वर्षं काढली.

ऑफिस हललं तेव्हा मी इनोव्हेशन कन्सल्टिंगचा एक छोटा अभ्यासक्रम केला. तो अंधेरीच्याच एका हॉटेलात होता. शिकवणारे गृहस्थ बूट काढून, पायमोजे घालून गालिच्यावर फिरायचे. आम्ही रंगीत चिकट चिठ्ठ्यांवर विचार लिहून भिंतीला लावायचो. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गोल करून डोळे मिटले आणि ग्राहकाचं दुःख अनुभवलं. मला त्या वेळी भूक लागली होती, तिचाच अनुभव आला. पण प्रमाणपत्र मिळालं.

घरी नवऱ्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. तो बँकेत आहे. कागद दोन्ही बाजूंनी पाहायची त्याला सवय आहे.

“म्हणजे आता तू करणार काय?”

“कंपन्यांना नवीन काय करायचं ते सांगणार.”

“आणि आधी काय करत होतीस?”

“जुन्यालाच नवीन म्हणत होते.”

“बरं,” तो म्हणाला, “म्हणजे लाइन तीच आहे.”

पहिलं काम मिळेपर्यंत बराच काळ गेला. तोवर मी अंधेरीत एका मोठ्या हॉलमधलं एक टेबल भाड्याने घेतलं होतं. माझ्या आजूबाजूला सगळे नव्या कंपन्यांचे संस्थापक बसायचे. कर्मचारी कुणाकडेच नव्हता. शेवटी काम आलं ते मुलुंडहूनच, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवरून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एक दिवस जिन्यात गाठलं आणि सांगितलं, “माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, उटणं बनवतात. त्यांना तुझ्यासारखं कुणीतरी हवंय. तू काय करतेस ते मला सांगता आलं नाही, पण तू शिकलेली आहेस असं मी सांगितलंय.”

काकूंचा गाळा मुलुंडच्या पश्चिमेला एका औद्योगिक वसाहतीत होता. एका बाजूला नटबोल्टवाला, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा. त्या लोखंड आणि पुठ्ठ्याच्या मधोमध दार उघडलं की एकदम नरकचतुर्दशीची पहाट व्हायची. चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद. मी गेले ते दिवाळीच्या तोंडावर. दहा-बाराजणी बसून पुड्या भरत होत्या, आणि त्यांच्या भुवयांवरसुद्धा उटणं बसलं होतं. काकू साठीच्या, बुटक्या, आवाज मोठा. धंदा त्यांच्या नवऱ्याने सुरू केला होता. त्यांच्या फोटोला हार होता आणि हारावर उटण्याचा थर.

“हे बघ,” काकू म्हणाल्या. पहिल्या भेटीतच त्या अगं-तूगंवर आल्या होत्या. “माझा धंदा चार दिवसांचा. लोक नरकचतुर्दशीला उटणं लावतात, फार तर पाडव्याला. बाकी वर्षभर साबण.” माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की जणू साबण मीच शोधून काढला होता. “गणपती झाले की या बायका येतात, दिवाळी झाली की मी त्यांना घरी पाठवते. दर वर्षी जातात, दर वर्षी दोन-तीन परत येत नाहीत. या वर्षी ही जाणार.”

‘ही’ म्हणजे पुड्या भरणाऱ्या बायकांच्या मुख्य, मावशी. त्यांना सगळेच मावशी म्हणायचे. जालन्याकडून लग्न होऊन आलेल्या, घाटकोपरला राहणाऱ्या, आणि धंद्याच्या जवळजवळ सुरुवातीपासून काकूंकडे. दिवाळीनंतरचे महिने त्या मिळेल ते काम करत: कुणाचा स्वयंपाक, कुणाचं आजारपण. आता मुलगी कॉलेजात गेली होती आणि असं तुकड्या-तुकड्याचं काम पुरत नव्हतं. घाटकोपरच्या एका मॉलमध्ये सफाईचं बारमाही काम त्यांना मिळत होतं. होळीपर्यंत सांगते, असं त्या मुकादमाला म्हणाल्या होत्या.

“ती गेली की बाकीच्या जातात,” काकू म्हणाल्या. “मग मी एकटीने काय, फोटोला उटणं लावत बसू? मला यांना वर्षभर काम द्यायचंय. उटणं वर्षभर खपलं पाहिजे. ते तू बघ.”

मावशी पुडीचं तोंड दुमडत म्हणाल्या, “आमच्यात काय अभ्यंगस्नान नसतं, मॅडम. पण अख्ख्या मुलुंडला दिवाळीचा वास मीच देते. सोडून जायचं मलाबी जिवावर येतंय.”

मी काम घेतलं. खरं सांगायचं तर साबणाच्या कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर कुणीतरी इतकी साधी गोष्ट इतक्या स्पष्टपणे मागितली, याचंच मला अप्रूप वाटलं होतं.

दिवाळी संपल्यावर, बायका घरी जाण्याआधी, मी रीतसर कार्यशाळा घेतली. जमिनीवर सतरंजी, भिंतीवर मोठा कागद, हातात रंगीत चिठ्ठ्या. मी सांगितलं, “प्रत्येकीने मनात येईल ती कल्पना लिहायची. वेडीवाकडी चालेल. नाव लिहायचं नाही.”

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग लिहायला लागल्या, फार वेळ लिहीत राहिल्या. मी चिठ्ठ्या गोळा केल्या. पहिलीवर होतं: ‘माननीय मॅडम यांस, विषय : कल्पना देणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करते की’. तिथे चिठ्ठी संपली होती. दुसरीवर फक्त ‘आपली नम्र’ आणि खाली ठळक सही. तिसरीचा विषय होता ‘पंखा’. पाठोपाठच्या चारींचा विषयही पंखाच होता. प्रत्येकीवर सही, तारीख आणि ठिकाण: मुलुंड.

“अहो, नाव नको म्हटलं होतं ना मी?”

“मॅडम,” मावशी गंभीरपणे म्हणाल्या, “बिननावाची चिठ्ठी म्हणजे चुगली. आम्ही कुणाची चुगली नाय करत.”

“पण ही कल्पना आहे, तक्रार नाही.”

“कागदावर मालकाला द्यायचं म्हणजे अर्जच की.”

अंधेरीच्या हॉटेलात गालिच्यावर फिरणाऱ्या गृहस्थांनी यावर काही शिकवलं नव्हतं. काकूंनी पंखा मंजूर केला. माझ्या व्यावसायिक जीवनातली ती पहिली अमलात आलेली शिफारस.

बाकीच्या कल्पना मग मलाच द्याव्या लागल्या. मी ‘रविवारचं उटणं’ सुचवलं. आठवड्यातून एकदा, निवांत, सगळ्या घराने. सुंदर पाकीट, फिकट रंग, त्यावर एक हसणारं कुटुंब.

काकू म्हणाल्या, “रविवारी लोक मटण आणतात गं. उटणं कोण लावतंय?”

“सवय लावायची असते, काकू.”

“कुणाला?”

“ग्राहकाला.”

“माझ्या नवऱ्याला मी जन्मभर ओला टॉवेल वाळत घालायची सवय लावू शकले नाही,” काकू म्हणाल्या. पण पाकीट त्यांना आवडलं. आपण घाई करायची नाही, आधी घरोघरी देऊन पाहू, असं ठरलं. हे मात्र मी अभ्यासक्रमात खरोखर शिकले होते: आधी थोड्यांना द्या, त्यांना वापरू द्या, मग जाऊन विचारा.

जानेवारीत आम्ही ती पाकिटं वाटली. मुलुंडच्या पूर्वेकडच्या सोसायट्यांत, घाटकोपरला मावशींच्या आसपास, थोडी बोरिवलीला माझ्या बहिणीच्या इमारतीत. सगळ्यांना बजावून सांगितलं: दर रविवारी वापरा, मी महिन्याने येऊन विचारणार आहे. सगळ्यांनी आनंदाने घेतली. वास घेतला. “अगंबाई, दिवाळीच!” प्रत्येकीने म्हटलं. मला वाटलं, जिंकलं.

महिन्याने मी पहिल्या घरी गेले. बाईंनी चहा टाकला.

“कसं वाटलं उटणं?”

“छानच आहे हो. एक नंबर.”

“किती वेळा वापरलंत?”

“वापरलं नाही अजून. चांगलं आहे ना, म्हणून दिवाळीला ठेवलंय.”

दुसऱ्या घरी ते देवघराच्या खणात होतं. तिसऱ्या घरी शोकेसमध्ये, काचेच्या हत्तीशेजारी. चौथ्या घरच्या आजोबांनी मलाच समजावलं, “फेब्रुवारीत उटणं लावलं आणि कुणी आलं, अंगाला वास आला, तर काय सांगायचं? विचारतील ना, आज काय आहे म्हणून.” बोरिवलीला एका घरी खरोखरच वापरलं होतं. त्यांचा धाकटा मुलगा आंघोळीहून आला आणि फटाके कुठे आहेत म्हणून विचारू लागला, आणि नाहीत म्हटल्यावर त्याने सबंध रविवार भोकाड पसरलं. दुसऱ्या एका घरी बाईंनी एकदाच लावलं होतं. त्या म्हणाल्या, “वास आला आणि वाटलं, मुलगा येईल आता. तो कॅनडात असतो. दिवाळीलाच येतो. मग मी ते नीट बांधून ठेवून दिलं.” मी वहीत काहीच लिहिलं नाही. चहा पुन्हा गरम करून घेतला.

घाटकोपरला एकीने त्या उटण्याने पितळेची समई घासली होती आणि ती लख्ख झाली होती, असं तिने आवर्जून दाखवलं.

संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, “माणसं विचित्र आहेत. फुकट दिलं तरी वापरत नाहीत.”

“आपलं कुठे आहे?” त्याने विचारलं.

मी पाहिलं. आमचं पाकीट न्हाणीघराच्या वरच्या कपाटात होतं, मागच्या दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यात, नीट रबर लावून. ते मीच ठेवलं होतं.

मुलुंडच्या घरांत एक गोष्ट मात्र सारखी कानावर पडत होती, आणि मी तिला विषयांतर समजून सोडून देत होते. उटण्याचं बोलणं संपलं की दारापर्यंत सोडायला आलेली बाई हमखास विचारायची, “तुमच्याकडे कुटायची मशीन आहे ना? मग आमचा मसाला कुटून द्याल का?” आमच्या भागातला मिरची-मसाल्याचा कांडपवाला ज्या बैठ्या चाळीत होता ती पाडून तिथे टॉवर उभा राहत होता. टॉवरच्या खाली दातांचा दवाखाना येणार होता, कांडप नव्हे. उन्हाळा तोंडावर आला होता, आणि वर्षाचा मसाला कुटायला आता भांडुपला जाऊन रांग लावावी लागणार म्हणून बायका चिंतेत होत्या. तयार मसाला आणा म्हटलं तर माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू मी तयार सून आणायला सांगितली.

होळीच्या आदल्या आठवड्यात मी गाळ्यात अहवाल मांडायला गेले. मावशी आणि आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. मी प्रोजेक्टर नेला होता आणि भिंतीवर चित्रं दाखवणार होते, पण भिंतीवर फोटो आणि हार असल्याने माझा पहिला आलेख काकूंच्या नवऱ्याच्या कपाळावर पडला. मी प्रोजेक्टर बंद केला आणि तोंडाने सांगितलं.

“काकू, उटणं वर्षभर खपणार नाही.”

“का?”

“लोकांना आवडतं म्हणून.”

मी त्यांना घरोघरचं सांगितलं. देवघराचा खण, काचेचा हत्ती, कॅनडाचा मुलगा. “दर रविवारी लावलं तर दिवाळीला त्यांच्याकडे काय उरेल? त्यांना ते नकोय असं नाही. त्यांना ते जपून ठेवायचंय. मी कितीही चांगलं पाकीट केलं तरी हे बदलणार नाही. बदलू नये असंही मला वाटायला लागलंय.”

 नवीन पंखा तेवढा फिरत होता. मावशींनी पदराने हात पुसले, खरं तर त्या दिवशी हाताला काही लागलेलं नव्हतं.

“मग मी मॉलला हो म्हणू ना?” त्यांनी काकूंना विचारलं. चिडून नाही, अगदी सरळ.

त्या क्षणी काहीतरी बोलणं भाग होतं आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी मसाल्याचं सांगितलं. प्रत्येक दारात तेच विचारतात म्हणून. कांडपवाला गेला म्हणून. मार्च ते मे, म्हणजे नेमका आपला रिकामा काळ. शिवाय पावसाळ्यात उपवासाची भाजणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी.

“या मशीनवर होणार नाही,” काकू लगेच म्हणाल्या. “कचोऱ्याचा वास मटणाला येईल.”

“वेगळी मशीन.”

“आणि मी उटणेवाली आहे. कांडपवाली नाही.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “हे काय म्हणाले असते? सुगंधी धंद्यात मिरची?”

मोठ्या कंपन्यांत मी हेच वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं, जरा लांबट शब्दांत. तिथे त्याला ब्रँडची प्रतिमा म्हणायचे आणि त्यापुढे कुणी काही बोलायचं नाही. इथे मावशी बोलल्या.

“काका तर काय म्हणायचे नाहीत. काका दर उन्हाळ्याला सासुरवाडीचा मसाला चार डबे भरून आणायचे, अन्‌ मलाबी एक द्यायचे.”

“ते वेगळं.”

“अन्‌ मला शिंका चालतील, काकू. मॉलातलं फिनेल नको.”

काकूंनी मावशींकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी जरा रागानेच विचारलं, “पार्टिशन घालता येईल का गं मधे?”

येत होतं. खोकेवाल्याने त्याच्या बाजूची थोडी जागा दिली, दार मागच्या गल्लीत काढलं, म्हणजे दोन वासांची गाठ पडणार नाही. चाळ पाडल्यामुळे घरी बसलेल्या कांडपवाल्याची जुनी मशीन त्याच्या भावाकडे डोंबिवलीला पडून होती, ती आणली. मावशींनी मुकादमाला नाही म्हणून कळवलं. गुढीपाडव्याच्या नंतर काम सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात असं लक्षात आलं, की एकही बाई मसाला ठेवून जायला तयार नाही. आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटला गेला पाहिजे. मागच्याची मिरची आपल्यात यायला नको आणि आपली पुढच्याला जायला नको. तेव्हा मी माझ्या ज्ञानाचा उपयोग करून सहा स्टुलं सुचवली. त्या स्टुलांवर बायका नाकाला पदर लावून बसतात, खोकतात, आणि खोकण्याच्या मधे एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात. मावशी कुटणं बघतात आणि वाद सोडवतात. सप्टेंबरात पुन्हा उटणं सुरू झालं तेव्हा त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्याजणी होत्या. कुणाला शोधावं लागलं नाही.

मी हे घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “म्हणजे एवढं सगळं करून तू कांडप शोधून काढलंस?”

“हो.”

“ते आधीच होतं ना?”

“होतं. मधे नव्हतं.”

त्याने मान डोलावली. बँकेतला माणूस यापेक्षा जास्त कौतुक करत नाही.

मागच्या वर्षी गोरेगावला एका मोठ्या सभागृहात मला या कामाविषयी बोलायला बोलावलं होतं. मी व्यासपीठावर चढले, दिवे मंद झाले, आणि माझ्यामागे भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘परंपराधिष्ठित उद्योगातील प्रतिऋतू क्षमताविस्तार’. शीर्षक आयोजकांनी दिलं होतं, पण मीही ते खोडलं नव्हतं. लोकांनी टिपणं घेतली. शेवटी एका तरुणाने उठून विचारलं, की या परिवर्तनात ग्राहकाशी संवादाची भाषा तुम्ही कशी विकसित केलीत.

मी म्हटलं, ती काकूंनी स्वतःच विकसित केली. मी सुचवलेली नावं त्यांनी ऐकून घेतली होती, मग पेंटरला बोलावलं होतं. मागच्या गल्लीतल्या दारावर पाटी आहे: मसाला कुटून मिळेल. सोमवारी बंद.